पडत्या संघानं स्टार रिसीव्हरवर एवढं उधळावं का?

डेट्रॉईटकर
मिशिगनमध्ये राहून अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या आमच्या डेट्रॉईट लायन्स संघाचे पराभव वर्षानुवर्षं पाहिलेत, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय. २०१२ मध्ये आमच्या कॅल्विन जॉन्सन या रिसीव्हरनं (पास झेलणाऱ्या खेळाडूनं) झेल घेऊन १,९६४ यार्ड काढले. तोवर एका मोसमात एवढे कुणीच काढले नव्हते. संघ जिंकला किती? १६ पैकी ४. त्याआधी २००३ ते २००७ मध्ये लायन्सनं ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत चार वेळा रिसीव्हर उचलला आणि २००८ मध्ये १६ च्या १६ सामने हरले. कॅल्विन तिशीतच निवृत्त झाला, प्लेऑफमधला (मोसमानंतरच्या बाद फेरीतला) एकही विजय न बघता.

चेंडू रिसीव्हरपर्यंत जायला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) आधी उभा तर राहायला हवा! त्याला वाचवायचं काम ऑफेन्सिव्ह लाईनचं, म्हणजे त्याच्यापुढं उभ्या राहणाऱ्या लाईनमनचं. २०२१ मध्ये नव्या व्यवस्थापनानं आधी पेनेई सूएल हा टॅकल, म्हणजे लाईनमन, घेतला. रिसीव्हर अमॉन-रा सेंट ब्राउन चौथ्या फेरीत मिळाला. २०२३ च्या मोसमात आम्ही सुपर बोलपासून (लीगच्या अंतिम सामन्यापासून) एका सामन्यावर होतो.

ओहायोवासी
साफ असहमत. सूएल तुमच्या वाट्याला आला कारण आमच्या सिनसिनाटी बेंगाल्सनं पाचव्या क्रमांकावर त्याला सोडून जमार चेस हा रिसीव्हर घेतला. आदल्या मोसमात आमच्या क्वार्टरबॅक बरोचा गुडघा गेला होता, लाईनमनच घ्या म्हणून ओरड चालली होती. पण ४ विजयांवरून बेंगाल्स एका वर्षात सुपर बोलला पोचले. टेनेसीत बरो ९ वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला), तरी जिंकलो.

डेट्रॉईटकर
आणि सुपर बोलमध्ये ७ वेळा. शेवटच्या चौथ्या डाऊनला, म्हणजे चौथ्या प्रयत्नाला, चेस पुढे मोकळा धावत होता, पण समोरच्या संघाच्या ॲरन डोनाल्डनं बरोला फिरवून टाकलं. २३-२० नं हरलात. माझं म्हणणं याहून वेगळं काय आहे?

बफेलोची सून
तुम्ही दोघं क्वार्टरबॅकच्या वयाकडे बघतच नाही आहात. २०२० मध्ये आमच्या बफेलो बिल्सकडे रिसीव्हर डिग्ज आला आणि क्वार्टरबॅक जॉश ॲलनचे अचूक पास ५८.८ टक्क्यांवरून ६९.२ वर गेले. शिकणाऱ्या पोराला विश्वासाचा माणूस लागतो. कॅरोलायनानं उलटं केलं. नवा क्वार्टरबॅक ब्राइस यंगला मिळवण्यासाठी रिसीव्हर डीजे मूरच देऊन टाकला. पोरगा फेकणार कुणाकडे? २०२३ मध्ये २ विजय, १५ पराभव.

डेट्रॉईटकर
कॅरोलायनाचं पटलं, ताई. पण त्याच मोसमात यंग ६२ वेळा सॅक झाला, तेही धरा. आणि डिग्ज आला तेव्हा बफेलो १० सामने जिंकून आलेली होती, तिला पडता संघ कसं म्हणायचं? मला राग रेडर्ससारख्या सौद्यांचा येतो. २०२२ मध्ये रिसीव्हर डाव्हान्टे ॲडम्ससाठी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतली निवड दिली, वर पाच वर्षांचा १४ कोटी डॉलरचा करार. त्यानं १४ टचडाऊन केले (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला), संघ १० विजयांवरून ६ वर आला. दिलेल्या त्या दोन निवडींत दोन लाईनमन आले असते.

ओहायोवासी
ॲडम्सचा सौदा मीही केला नसता. आमचंही सांगतो. २०२४ मध्ये झेल, यार्ड, टचडाऊन तिन्हींत चेस लीगमध्ये पहिला होता, तरी प्लेऑफ हुकला, कारण बचाव गळका. तरी पुढच्या मार्चमध्ये त्याला चार वर्षांचे १६.१ कोटी आणि दुसऱ्या रिसीव्हरला, हिगिन्सला, ११.५ कोटी डॉलर दिले. बचावाला काय उरणार, ही काळजी मलाही आहे. पण २०२२ च्या जानेवारीत बेंगाल्सनं ३१ वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं थंडीत बाहेर येऊन रडत होती. पाचवी निवड पुन्हा हातात आली, तर मी चेसच घेईन.