मित्रांसोबत बेटाबेटांवरून: नौकासहलीचे अनुभव

उष्ण कटिबंधातील समुद्रात होडी ठरवून, एकामागून एक बेटे सावकाश पाहत ज्यांनी मित्रांसोबत सुट्टी घालवली आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. दरपत्रक कोठेही मिळते. होडीवरचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, ते सांगावे.

सागरगोटा:
आम्ही कॉलेजचे मित्र इंडोनेशियात फ्लोरेस बेटावरील लाबुआन बाजोहून कोमोडो राष्ट्रीय उद्यानात गेलो. होडी पिनिसी घाटाची, लाकडी होती. दक्षिण सुलावेसीतील या नौकाबांधणीच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पहाटे इंजिन सुरू झाले की गादीखालची फळी थरथरू लागे, आणि पादार बेटाजवळ नांगर पडेपर्यंत आचाऱ्याने केळ्याची भजी तळून ठेवलेली असत.

कोमोडोची घोरपड तीन मीटरपर्यंत वाढते. आम्ही पाहिली ती मात्र सावलीत पोट टेकून निवांत पडली होती, आणि टोकाला दोन फाटे असलेली लांब काठी घेतलेला वनरक्षक आम्हालाच मागे सरकवत होता. माझ्या मते खरे दृश्य कालोंग बेटावरचे आहे. सूर्य मावळताच तिथल्या खारफुटीतून मोठी फलाहारी वटवाघळे उठतात आणि फळांच्या शोधात फ्लोरेसकडे निघतात. आकाशातली ती रांग बराच वेळ संपत नाही, त्यामुळे पत्ते टाकून सगळे टपावर आडवे झाले होते.

एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. प्रशांत आणि हिंदी महासागरांना जोडणाऱ्या या अरुंद सामुद्रधुन्यांतून पाण्याला विलक्षण ओढ असते, म्हणून कोणते बेट आधी आणि कोणते नंतर, हे तांडेलच ठरवतो. आमच्यातल्या एका वेळापत्रकप्रेमी मित्राला हे पचायला वेळ लागला; नंतर सर्वांत उशिरा उठणारा तोच ठरला.

ओहोटी:
आमची सहल फिलिपिन्समधील पालावानची, एल निदो ते कोरोन अशी होती. तिथल्या बांगका होडीला दोन्ही बाजूंनी बांबूचे आधार असतात, त्यामुळे ती फारशी कलत नाही. पण वारा आडवा आला की तुषारांनी सगळे भिजतात, म्हणून कोरडे कपडे जलरोधक पिशवीतच ठेवावेत. मिनिलोक बेटावरच्या मोठ्या लगूनमध्ये चुनखडीच्या उभ्या कड्यांमधून कयाक वल्हवत जाताना आमची बडबड आपोआप थांबली. कोरोनजवळ सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकी विमानांनी बुडवलेली जपानी जहाजे आहेत. पोहता येणाऱ्यांनी तिथे एक दिवस जास्त ठेवावा.

मीठभाकर:
सागरगोटा यांच्या मार्गानेच आम्हीही गेलो होतो. शाकाहारी मंडळींनी होडीवर चढण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे, कारण टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि भाज्या भरपूर मिळत असल्या तरी सांबाल या मिरचीच्या चटणीमध्ये बहुधा तेरासी, म्हणजे आंबवलेली कोळंबी, असते. आम्ही शेंगदाण्याची चटणी नेली होती. तिच्यावर खलाशांनीही ताव मारला.

निळाई:
परदेश नको असेल तर लक्षद्वीपचा विचार करावा. अगत्तीला विमानाने उतरून बंगारम आणि तिन्नकरा या शेजारच्या बेटांवर होडीने जाता येते. भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो, तो वेळेत काढावा.

सागरगोटा:
ऋतूबद्दल विचारणा झाली आहे. कोमोडोकडे साधारण एप्रिल ते नोव्हेंबर हा कोरडा काळ असतो. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस आणि लाटा दोन्ही वाढतात आणि होड्या बंदरातच अडकू शकतात, म्हणून परतीचे विमान होडीवरून उतरण्याच्या दिवशीचे घेऊ नये.