पहिली कादंबरी आली, सत्कार झाला, आणि मग सगळं चिडीचूप. तुमचंही असंच झालं का?

पोस्टवाला (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाखा डाकघराचा पोस्टमास्तर. नोकरी चार तासांची, उरलेल्या वेळात दीड एकर पऱ्हाटी (कपाशी) अन् लिहिणं. यंदा संक्रांतीच्या सुमारास माझी पहिली कादंबरी आली. विचारायचं थोडंच आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय समजणार नाही.

कादंबरी दोन भावांची. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेत शेत जाते, मोबदला येते, अन् मग धुरा (शेताचा बांध), बैल, माय, सगळ्याचीच वाटणी सुरू होते. आमच्याकडे अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. जुनी शकुंतला रेल्वे बंद पडली, नवी गाडी आमच्यापर्यंत यायची आहे, अन् पैसे मात्र दोन्हींच्या मधातच येऊन संपूनही गेले.

हस्तलिखित पाठवायचो तेही माझ्याच पोस्टातून, अन् परत यायचं तेही माझ्याच थैलीतून. बाकीच्या लेखकांना नकार पोस्टमन आणून देते. मला तो स्वतःच यंत्रात नोंदवून, स्वतःच सही करून, स्वतःलाच द्यावा लागे. पहिल्या खेपेला जाड पाकीट पाहून वाटलं, करारपत्र असेल, म्हणून जाड आहे. पुढे पुढे पाकीट हातात घेतलं की समजायचं. सव्वा किलो गेलं होतं, सव्वा किलोच परत आलं. बहुतेकांनी चिठ्ठीही घातली नाही. एका संपादक बाईंनी मात्र दोन पानं लिहिली. नकारच होता, पण वाटणीनंतर गोष्ट कुठे सैल पडली ते नेमकं दाखवलं. मी तो भाग पुन्हा लिहिला. ते पत्र आरडीच्या कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात ठेवलं आहे, कारण त्या गठ्ठ्याला दुसरं कोणी हात लावत नाही.

होकार फोनवर आला. लाडक्या बहिणींचे पैसे जमा झाले होते, ओट्यापासून रस्त्यापर्यंत बायांची रांग. समोर एक आजी, कापूस वेचून वेचून बोटाच्या रेषा गेलेल्या, अंगठा काही लागत नव्हता. तिकडून प्रकाशक म्हणाले, "करतो आहोत आम्ही तुमची कादंबरी." मी म्हटलं, "बरं." अन् आजीला म्हटलं, "माय, मधलं बोट लाव." संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "आपल्याले किती द्या लागते?" तिचंही खरं आहे, ओळखीतल्या दोघांनी पैसे भरूनच पुस्तकं काढली होती. द्यायचे नाहीत, उलट भेटतील, हे तिला दोन दिवस पटलं नाही.

मग वर्षभर वाट. प्रुफं आली तर पात्रांच्या तोंडचं वऱ्हाडी धुऊन इस्त्री करून ठेवलेलं. भांडलो, अर्धं परत मिळवलं. त्या भांडणात जेवढी हिंमत केली तेवढी आयुष्यात कुठे केली नसेल.

पुस्तक आलं तेव्हा तालुक्याला प्रकाशन झालं. शाल, नारळ, प्रमुख पाहुण्यांचं तासभर भाषण, ज्यात माझं नाव एकदा आलं, तेही चुकीचं. तरी मी हवेतच होतो. आठ-दहा दिवस जमिनीवर पाय नाही. रात्री उठून कपाटातलं पुस्तक काढून पाहायचो, माझंच नाव आहे ना म्हणून.

अन् मग काही नाही. परीक्षण नाही, पत्र नाही, प्रकाशकाचा फोन नाही. गावात सगळ्यांचा एकच प्रश्न: "किती भेटले मंग?" ज्यांना प्रती दिल्या ते म्हणतात वाचतो ना, कापूस निघू दे. त्यात पानठेल्यावर कोणीतरी काकांना सांगितलं की पोस्टमास्तरनं तुमच्यावरच लिहिलं. काकांनी पुस्तक उघडलेलं नाही. पण तेव्हापासून ते आमच्या पोस्टात येत नाहीत, खात्यातले पैसे काढायला एसटीनं दारव्ह्याला जातात. पोळ्याला बैल घेऊन आमच्या दारावरून सरळ पुढे गेले. आईनं पुरणपोळीचं ताट धरलं होतं.

तर विचारायचं असं. छापून आल्यानंतरचं हे रितेपण सगळ्यांनाच येते का? नकाराच्या दिवसांत मी रोज लिहीत होतो, आता एक पान होत नाही. दुसरी कादंबरी डोक्यात आहे, पण बसलो की काका दिसतात. अन् किती प्रती खपल्या हे प्रकाशकाला विचारावं, की बरं दिसत नाही?

बोंडअळी

पोस्टमास्तर, एवढं रामायण सांगितलं अन् पुस्तकाचं नावच नाही! आम्ही घ्यावं कसं?

पोस्टवाला (दारव्हा तालुका)

नाव मुद्दामच टाकलं नाही भाऊ. काकांचा नातू इथंच असते, वेगळ्या नावानं. तुम्हीच तर नाही ना?

वडशाचा नाटकवाला

दादा, मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं लिहितो. भाऊबीज झाली, मंडई (गावची जत्रा) सुरू झाली की आमचा हंगाम, तो होळीपर्यंत. रात्री पडदा उघडला की पहाटे कोंबडं आरवेपर्यंत खेळ. नाटक पडलं तर मला पेपर वाचावा लागत नाही. दुसऱ्या अंकात माणसं उठून शेकोटीकडे जातात, मी पडद्यामागून मोजतो. चाललं तर बाया रडतात, म्हातारे खलनायकाला शिव्या देतात, अन् सकाळी वडशात चहा पिता पिता पुढच्या गावची तारीख ठरते. सुख असो की दुःख, रातोरात भेटते.

मीही एक कादंबरी लिहिली. छापून आली तेव्हा मला वाटलं प्रेक्षक उठून गेले. बऱ्याच काळानं समजलं की ते अजून येऊन बसलेच नव्हते. वाचणारा कुठे, कधी, कोणत्या गावात पान उघडेल, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. मला ते सहन झालं नाही. मी कादंबरीकडे परत गेलो नाही, अन् त्याचं मला काही वाटतही नाही. मला टाळी लागते.

तुम्हाला ती लागते का, ते आधी पाहा. लागत असेल तर एखादं प्रकरण माणसांपुढे मोठ्यानं वाचा. देवळात, शाळेत, भजनी मंडळाच्या आधी अर्धा तास, कुठेही. वाटणीचा प्रसंग वाचा. आमच्याकडे वाटणीचा प्रवेश असला की मंडपात टाचणी पडली तरी ऐकू येते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाचा कोणीतरी भाऊ असतो.

अचलपूरची मास्तरीण

भाऊ, माझ्या तीन कादंबऱ्या आल्या आहेत, मास्तरकीतून निवृत्त आहे, म्हणून जरा अधिकारानं बोलते.

विक्रीचं आधी. विचारा, आणि फोनवर नाही, लेखी विचारा. करार पाहा. केलाय ना? हक्क किती वर्षांसाठी दिलेत ते त्यात लिहिलेलं नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे पाच वर्षं धरतात, हे पुष्कळ लेखकांना ठाऊक नसतं. वर्षातून एकदा हिशेब मागणं म्हणजे भीक नाही. आणि आकड्याची तयारी ठेवा. 300 रुपयांचं पुस्तक आणि दहा टक्के धरले तर प्रतीमागे 30. पाचशेची आवृत्ती सगळी संपली, तर 15,000. गावातल्या "किती भेटले"ला हेच उत्तर द्या, एकदा दिलं की पुन्हा कोणी विचारत नाही.

वऱ्हाडीसाठी भांडलात ते उत्तम केलंत. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 साली आली, तिच्यातली माणसं वऱ्हाडीच बोलतात, आणि साऱ्या महाराष्ट्रानं ती वाचली. पुढच्या वेळी उरलेलं अर्धंही सोडू नका.

आता रितेपण. येतं. मला प्रत्येक वेळी आलं. पहिलं पुस्तक आपण लिहितो तेव्हा आपली कोणी वाट पाहत नसतं, हे वाईट वाटतं खरं, पण त्यात मोकळीक किती असते! नकार आला तरी तुम्हाला काम होतं: दुरुस्त करा, पाठवा, थैलीची वाट पाहा. छापून आल्यावर ते काम कोणीतरी काढून घेतं. माझं पहिलं आलं तेव्हा मी घरातली सगळी भांडी घासूनपुसून घेतली, मग शेजारणीची लग्नाची पत्रिका लिहून दिली, मग आजारीच पडले. सासूबाईंना वाटलं नजर लागली, त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी उतरवू दिल्या.

वाचक उशिरा येतो. माझं पहिलं पत्र, सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईचं, पुस्तक निघून वर्ष उलटल्यावर आलं. जळगाव जामोदच्या बाजूचं. रात्रपाळीत वाचलं, आणि अमुक पानावर पेशंटला सलाईन बदलायला उशीर झाला, असं लिहिलं होतं. मी घाबरलेच! पेशंट बरा आहे का, हेच उलट टपाली विचारलं.

आणि तुमचे काका. माझ्या पहिल्या पुस्तकात जिच्यावरून नणंद लिहिली, तिनं ते हौसेनं वाचलं आणि विचारलं, "ही बया कोण गं तुमच्या ओळखीची?" जिचा काडीचा संबंध नव्हता ती चुलत जाऊ भांडायला आली. लोक स्वतःला कुठे शोधतील त्याचा नेम नाही. पण तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, थैली, अंगठा, पुरणपोळीचं ताट, आणि काका त्या कादंबरीत आहेत की नाहीत, तेवढंच लिहिलं नाहीत. ते सांगा.

ड वर्ग वाचनालय (मेहकर तालुका)

मास्तरीणबाईंनी भावनेचं सांगितलं, मी कपाटाचं सांगतो. आमच्यासारखी वाचनालयं अनुदानाचा हप्ता आला की खरेदी करतात, म्हणजे बहुधा मार्चच्या तोंडावर. तुमचं पुस्तक संक्रांतीला आलं, तोवर बऱ्याच ठिकाणच्या याद्या झालेल्या असणार. त्यामुळे यंदा शांतता असेल तर ती तुमच्या लिखाणावर घेऊ नका.

राज्य वाङ्मय पुरस्कारांच्या प्रवेशिका मागवतात तेव्हा पाठवायला विसरू नका. पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार असतो. प्रकाशक पाठवेल म्हणून बसू नका. आणि हे वाचणाऱ्या ज्यांचं पहिलं पुस्तक अजून निघायचं आहे त्यांनी साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघावी. पोस्टमास्तरांची ती गाडी आता सुटली.

मला दोन प्रती पाठवा, बिलासकट. फुकट नको. फुकट आलेलं पुस्तक आमच्या समितीतले लोक घरी नेतात आणि ते नोंदीत येतच नाही. नाव मला वेगळं कळवा, काकांच्या नातवाला कळू न देता.

पोस्टवाला (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. नाटकवाले दादा, मला टाळी लागत नाही असं वाटत होतं. प्रकाशनाच्या दिवशी वाजली तेव्हापासून खात्री नाही.

ताई, तुम्ही बरोबर बोट ठेवलं. मोबदला दाबणारा मोठा भाऊ काकांवरून नाही लिहिला. तो माझ्या बाबांवरून आहे. बाबा आता नाहीत. काका म्हणजे त्यातला धाकटा, ज्याच्या नावावर शेवटी पडीक तुकडा अन् विहिरीचा पाळीपुरता हिस्सा राहते. काकांनी वाचलं तर त्यांना समजेल की पुस्तक त्यांच्या बाजूचं आहे. पण हे त्यांना सांगायचं म्हणजे आईसमोर बाबांचं नाव घ्यायचं. आईला वाचता येत नाही. ती गावभर सांगते, पोरानं पुस्तक लिहिलं म्हणून. तिनं विचारलं होतं, काय आहे त्याच्यात? मी म्हटलं, रेल्वे.

अचलपूरची मास्तरीण

अस्सं. मग काकांना समजावायला जाऊ नका. लेखकानं दारात जाऊन खुलासा केला की माणूस पुस्तक वाचतच नाही, खुलाशावरच भांडतो. नुसती एक प्रत जाऊ द्या, आत नाव-तारीख, बाकी एक अक्षर नको. आईचं मात्र मला सांगता येणार नाही. माझे वडील होते तोवर मी त्यांच्यावर एक ओळ लिहू शकले नाही, आणि गेल्यावर लिहिली तर आई सहा महिने बोलली नाही. मग बोलायला लागली, का ते मला अजून ठाऊक नाही.

बोंडअळी

मी नातू नाही हो. पण माझ्याही बापानं हेच केलं. धाकट्या काकाला तुकडा दिला. मला पुस्तकाचं नाव पाठवा.

पोस्टवाला (दारव्हा तालुका)

पाठवतो भाऊ.

ग्रंथपाल साहेब, दोन प्रती बिलासकट निघतील. सोमवारी दारव्ह्याच्या मोठ्या पोस्टात जाईन तेव्हा ज्ञान पोस्टानं, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायच्या टपाल सेवेनं, टाकतो. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये अन् वर कर, 1 मे 2025 पासून सुरू आहे. लेखक लोक हो, तुम्हीही वापरा, कुरिअरवाल्याला कशाला देता. काकांचीही प्रत सोबत नेतो. तिथल्या रांगेत ते भेटायची शक्यता जास्त आहे, गावात नाही. प्रकाशकाला हिशेबाचं पत्र आजच लिहिलं, तीन ओळी. त्या तीन ओळींचे चार खर्डे झाले.

अचलपूरची मास्तरीण

आकडा आला की इथे टाका, लाजू नका. माझा पहिल्या वर्षाचा सांगून ठेवते: 83 प्रती. त्यातल्या वीस माझ्या भावानं घेतल्या होत्या, आणि मला ते त्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्याच्या बायकोकडून कळलं.