प्रतिसाद: सोफा टाकण्याआधी एकदा उलटा करून बघा
जुना सोफा दुरुस्त करण्यापेक्षा नवा स्वस्त पडतो, हे वरचं मत भुश्श्याच्या बोर्डाच्या सांगाड्यापुरतं पटतं. सागवानी सोफ्याला अजिबात नाही. आमचा 22 वर्षांचा. कारागिराने घरीच उलटा करून खालचं कापड उसवलं, तर चौकट ठणठणीत. बैठकीखाली ताणून बसवलेले पट्टे तेवढे सैल पडलेले आणि फोमचा पिवळा भुगा झालेला. पट्टे, फोम, कापड बदललं, झालं काम.

एक मात्र कळकळीने सांगते, नवं बसवताना सगळं सोल्युशनने चिकटवू देऊ नका. कापड पिना मारून बसवा, गाद्यांच्या खोळींना चेन लावून घ्या. चिकटलेलं कापड आणि फोम नंतर धड वेगळे होत नाहीत, मग भंगारवालाही हात लावत नाही आणि सगळं कचरा डेपोत जातं. सुटा, स्वच्छ फोम असेल तर त्याचे तुकडे दाबून रिबॉन्डेड गाद्या करतात.