कोड बरोबर आहे म्हणतात, तरी मीटिंगमध्ये शिरता येत नाही

तळटीप
व्हिडिओ मीटिंगची लिंक आलेली नाही, नुसता कोड आहे. तोही फोनवर ऐकून कागदावर उतरवलेला. सगळी इंग्रजी अक्षरं, मध्ये दोन आडव्या रेघा, आणि एका ठिकाणी '१' आहे की दुसरं काही ते कळत नाही. टाकला की 'कोड तपासा' असा संदेश येतो. एकदा अक्षर बदलून पाहिलं तेव्हा पुढे गेलं, पण 'आस्क टू जॉइन' दाबल्यावर दहा मिनिटं काहीच झालं नाही. कोड नक्की कुठे टाकायचा, आणि बरोबर असूनही आत का घेत नाहीत?

गवाक्ष
रेघांवरून ओळखता येतं. तीन-चार-तीन अशा गटांत १० अक्षरं असतील तर तो गूगल मीटचा कोड. ९, १० किंवा ११ आकडे असतील तर झूमचा मीटिंग आयडी, आणि त्याच्यासोबत बहुधा पासकोड असतो. मायक्रोसॉफ्ट टीम्सचाही आयडी आकडीच असतो, बरोबर वेगळा पासकोड येतो. एकाचा कोड दुसऱ्याच्या ॲपमध्ये टाकला तर चुकीचाच ठरणार.

तुमचा मीटचा दिसतो. त्यात आकडे नसतातच, सगळी लहान लिपीतली अक्षरं. म्हणजे तुमचा तो '१' म्हणजे 'एल' किंवा 'आय' असणार. शून्य वाटत असेल तर 'ओ'. रेघा टाकल्या नाहीत तरी चालतं. कीबोर्ड मात्र इंग्रजीवर आणा, मराठीवर असेल तर देवनागरी अक्षरं उमटतात.

हाताने उतरवलेल्या कोडात ठरलेल्या जोड्या घोटाळतात. लिहिताना 'यू' आणि 'व्ही', 'जी' आणि 'क्यू', 'ए' आणि 'ओ'. 'आर' आणि 'एन' चिकटून लिहिले की 'एम' होतो. ऐकताना 'बी', 'डी', 'पी', 'टी', 'व्ही' सगळे सारखेच, 'एम' आणि 'एन' तर विचारूच नका. म्हणून 'बी बॉलचा, डी डॉगचा' असं सांगायला लावा. त्याहून बरं म्हणजे मेसेजमध्ये मागून घ्या. कॉपी करताना शेवटचा पूर्णविराम किंवा रिकामी जागा सोबत येते, ती खोडून टाका.

टाकायची जागा: कॉम्प्युटरवर मीट डॉट गूगल डॉट कॉम उघडा, तिथे कोडचा रकाना आहे. त्यात अख्खी लिंक चिकटवली तरी चालते. गूगलच्या शोधपेटीत कोड टाकू नका, बरेच जण तेच करतात आणि मग 'काहीच सापडत नाही' म्हणतात.

पायरीदगड
वरचं सगळं बरोबर, पण दहा मिनिटं थांबण्याचं कारण कोड नाही. कोडाने फक्त खोली सापडते. आत घ्यायचं की नाही हे तुम्ही कुठल्या खात्याने आलात त्यावर ठरतं.

आमंत्रण एका ईमेलवर आणि ब्राउझरमध्ये साइन-इन दुसऱ्याच ईमेलने, हा नेहमीचा घोळ. आमंत्रितांपैकी असाल तर सहसा 'जॉइन नाऊ' दिसतं. 'आस्क टू जॉइन' दिसलं तर समजा की मीटने तुम्हाला ओळखलेलं नाही. आत जाण्याआधीच्या पानावर स्वतःचं खातं दिसतं, तिथे 'स्विच अकाउंट' करून आमंत्रण आलेलं खातं निवडा. एकाच ब्राउझरमध्ये दोन-तीन खाती उघडी असतील तर मीट बऱ्याचदा पहिलं साइन-इन केलेलं धरतं. वारंवार हेच होत असेल तर त्या खात्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा.

'आस्क टू जॉइन' दाबल्यावर सूचना आयोजकाच्या पडद्यावर जाते. तो अजून आलाच नसेल, किंवा सादरीकरणात गुंतला असेल, तर ती बघायला कुणी नाही. त्याला बाहेरून मेसेज करणं हाच उपाय. साइन-इन न करता येत असाल तर नाव नीट लिहा. 'युजर' किंवा नुसतं आद्याक्षर दिसलं की अनोळखी समजून नकार देतात. काही संस्थांच्या प्रशासकांनी साइन-इन न केलेल्यांना प्रवेशच बंद ठेवलेला असतो, मग कितीही वेळा विचारा.

तळटीप
'एल'च होता. आणि दोन खाती उघडी होती, दुसरं निवडल्यावर 'जॉइन नाऊ' आलं. आता कॅमेरा काळा दिसतोय, माइक चालू आहे. आणि झूमची एक मीटिंगही आहे पुढच्या आठवड्यात, तिथेही हेच नियम का?

उजेडवाट
काळा चौकोन असेल तर या क्रमाने बघा. काही लॅपटॉपवर कॅमेऱ्यापुढे सरकती पट्टी असते, ती आधी. हसू नका, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने कॅमेरा धरून ठेवलाय का: विंडोजमध्ये एक मीटिंग ॲप मागे उघडं राहिलं की दुसऱ्याला कॅमेरा मिळत नाही. नुसती खिडकी मिटवून भागत नाही, घड्याळाजवळच्या चिन्हांतूनही ते बंद करा.

मग परवानगी. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून कॅमेरा 'अलाउ' करा आणि पान पुन्हा लोड करा, नाहीतर बदल लागू होत नाही. तरी नाही दिसलं तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेरा बघा, तिथे डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळा खटका आहे. मॅकवर परवानगी दिल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा लागतो.

फोनवर लिंक चॅट ॲपच्या आतल्या आतच उघडली असेल तर ती कॉपी करून क्रोम किंवा सफारीत उघडा, किंवा थेट मीटच्या ॲपमध्ये कोड टाका.

पायरीदगड
झूमचे नियम थोडे वेगळे आहेत. मोठी-लहान लिपी पासकोडमध्ये मोजली जाते, आणि फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपसूक मोठं करतो, तिथेच बहुतेक पासकोड फसतात. लिंकवरून गेलात तर पासकोड सहसा मागत नाही, कारण तो लिंकमध्येच गुंफलेला असतो. नुसता आयडी टाकून गेलात तर मागतो.

थांबण्याचे दोन वेगळे संदेश आहेत, ते वाचा. 'होस्टने मीटिंग सुरू करण्याची वाट बघा' म्हणजे अजून मीटिंगच सुरू नाही. 'होस्ट लवकरच आत घेतील' म्हणजे तुम्ही वेटिंग रूममध्ये आहात आणि त्यांना तुमचं नाव दिसतंय. पहिल्या प्रसंगी मेसेज करा, दुसऱ्या प्रसंगी दोन मिनिटं धीर धरा. आयडी अमान्य म्हणून ३,००१ हा क्रमांक आला तर आकडा चुकलाय किंवा ती मीटिंग आता अस्तित्वात नाही. एकदाच ठरवलेल्या मीटिंगचा आयडी तारखेनंतर ३० दिवसांनी संपतो, पुन्हापुन्हा होणाऱ्या मीटिंगचा शेवटच्या वापरानंतर ३६५ दिवसांनी.

होस्टचं खातं मोफत असेल तर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते. होस्टने पुन्हा सुरू केली की त्याच आयडीने परत यायचं, नवा शोधू नका. मीटच्या मोफत खात्यावर तिघे किंवा अधिक असतील तर मर्यादा ६० मिनिटांची आहे.

गवाक्ष
एक राहिलं. खोलीत दोन उपकरणांवरून तीच मीटिंग चालू केली तर शीळ घुमते. मीटमध्ये दुसरीकडून 'कम्पॅनियन मोड'ने या, त्यात माइक आणि स्पीकर बंदच असतात. झूममध्ये दुसऱ्या उपकरणावर ऑडिओ जोडूच नका. हेडफोन एकाला लावून दुसऱ्याचा स्पीकर चालू ठेवला तर उपयोग नाही.

उजेडवाट
आणि नेट अगदीच गेलं तर आमंत्रणात फोन नंबर आणि पिन आहे का ते बघा. असेल तर साध्या कॉलने जाता येतं. मीटमध्ये पिन टाकून हॅश (#) दाबायचं. झूममध्ये मीटिंग आयडी आणि हॅश, मग सहभागी क्रमांक विचारला तर नुसतं हॅश. पासकोड असेल तर तो आकडी लागतो, अक्षरांचा फोनवर चालत नाही, होस्टच्या आमंत्रणात वेगळा दिलेला असतो. बोलणं म्यूट-अनम्यूट करायला दोन्हीकडे तारा (*) आणि मग ६. झूममध्ये हात वर करायला तारा ९.