मदत हवी आहे: पुरुषोत्तमच्या तालमींसाठी जागा
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एस.वाय.ला आहे. यंदा पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं आम्ही ठरवलंय. १९६३ पासूनची स्पर्धा, भरत नाट्य मंदिरचा रंगमंच... नुसत्या विचारानंच पोटात गोळा येतो!

अडचण जागेची आहे. कॉलेजचा हॉल सहाला बंद होतो. सध्या पार्किंगमध्ये खडूनं रंगमंच आखून तालीम करतो. पाऊस आला की रेषा पुसल्या जातात, पुन्हा आखायच्या. नायिका होस्टेलला राहते, तिला आठच्या आत पोचावंच लागतं. आम्हाला तिला बदलायचं नाही, फार मनापासून करते ती.

सदाशिव पेठ, डेक्कन भागात संध्याकाळी दोन तास कमी भाड्यात जागा कुठे मिळेल? आणि ज्यांनी आधी स्पर्धा केलीय, त्यांनी होस्टेलची परवानगी कशी मिळवली, प्लीज सांगा.