मदत हवी आहे: पिकअप सोडून दहा टायरच्या ट्रकवर जायचंय, लांबच्या लाईनला सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी,

वय २४, गाव सांगोला तालुक्यात. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, का सोडलं ते विचारू नका. दोन वर्षं झाली बोलेरो पिकअप चालवतोय, डाळिंब, कांदा, कडबा, मंडपवाल्याचं सामान, जे भाडं मिळेल ते. गाडी चुलत्याची, त्यामुळं डिझेल आणि हप्ता जाऊन माझ्या हाताला जे लागतं त्यात माझा रिचार्ज आणि आईच्या बीपीच्या गोळ्या भागतात, पुढं काही सरकत नाही. म्हणून मोठ्या गाडीवर जायचं डोक्यात घेतलंय, साऊथ लाईन नाहीतर दिल्ली लाईन.

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका ड्रायव्हर काकांबरोबर सोलापूर ते हैदराबाद एक ट्रिप मारून आलो, बघायला म्हणून. कांदा भरलेली दहा टायर. रात्री नऊला निघालो, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करत झहिराबादच्या अलीकडं एका ढाब्यावर थांबलो, तोपर्यंत मला वाटत होतं हे तर जमतंय की आपल्याला. पहाटे शहरात शिरायची घाई होती कारण दिवसा मोठ्या गाड्यांना आत सोडत नाहीत, आणि मलकपेटच्या मार्केटात गाडी रिव्हर्स लावायची वेळ आली तेव्हा काकांनी दोन्ही आरशात बघत एका दमात अशी लावली की मागच्या गाडीत आणि आमच्यात हातभर जागा राहिली. मी पिकअप लावताना मान बाहेर काढून मागं बघत असतो. त्यात वाटेत पाऊस आला म्हणून ताडपत्री ओढली तर मी बांधलेला रस्सा पाच किलोमीटरवर सैल, ताडपत्री फडफडायला लागली. काका काही बोलले नाहीत, गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, माझी गाठ सोडली आणि दुसरी मारली. मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आता मुद्द्याचं. एक मालक भेटलाय, त्याच्या सहा गाड्या आहेत. म्हणतो सहा महिने क्लीनर म्हणून फिर, महिना ९ हजार आणि खोराकी (वाटेतल्या जेवणाचे पैसे), मग गाडी हातात देतो. पण अट अशी की ओरिजिनल लायसन त्याच्याकडं जमा करायचं आणि पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्यायचं की माल कमी भरला किंवा टायर फाटला तर पगारातून कापायचं. इथं मला जरा कसंतरी झालं. असं सगळीकडं असतं का? आणि माझ्याकडं २०२१ चं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन आहे, त्यावर हेवी (मोठ्या ट्रकचं) निघतं का थेट? ड्रायव्हिंग स्कूलला पैसे घालवू का क्लीनर राहूनच शिकू? आईला अजून सांगितलेलं नाही, हैदराबादला गेलो तेव्हापण मित्राच्या लग्नाला चाललोय सांगून गेलो होतो.

जाणकारांनी सांगा, कटू असलं तरी चालेल.

प्रतिसाद १

भावा, आधी लायसनचं सांगतो, मी नुकतंच काढलंय. ट्रान्सपोर्टचं लर्निंग काढायला वय २० पूर्ण पाहिजे आणि एलएमव्ही लायसन निदान एक वर्ष जुनं पाहिजे, तुझं दोन्ही बसतंय. डॉक्टरचा फॉर्म १ अ लागतो आणि स्कूलचा फॉर्म ५ लागतो, म्हणजे स्कूल पूर्ण टाळता येत नाही, तो खर्च धरूनच चाल. लर्निंग निघालं की ३० दिवसांनी टेस्ट. पूर्वी आठवी पासची अट होती ती २०१९ ला काढली, तुला तसाही फरक पडत नाही. लायसन मिळालं की ५ वर्षं चालतं. पुढं कधी गॅसचा किंवा केमिकलचा टँकर चालवायचा झाला तर त्याचं तीन दिवसांचं वेगळं ट्रेनिंग आहे.

तुझ्या पिकअपचं म्हणशील तर साडेसात टनाच्या आतल्या मालगाडीला एलएमव्ही लायसन पुरतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिलाय. पण दहा टायर भरून साडेअठ्ठावीस टनापर्यंत जाते, तिला ते चालत नाही. त्यामुळं मालक म्हणाला की "चालव रे रात्रीची, कोण बघतंय" तरी हेवी हातात येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नको. काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं लायसन बघतात.

स्कूलमध्ये काय शिकवतात विचारशील तर रिकामी गाडी मैदानात गोल गोल फिरवायला. भरलेली गाडी काय असते ते तिथं कळत नाही. म्हणून कागद स्कूलमधून आणि हात क्लीनर राहून, दोन्ही कर.

प्रतिसाद २

मी ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरची मुलगी आहे, तरी लिहिते. पप्पांनी २६ वर्षं दिल्ली लाईन केली. ट्रेलर गावात वळायचा नाही म्हणून ते फाट्यावर गाडी लावायचे आणि आम्ही भावंडं डबा घेऊन पळत जायचो. कधी कधी तेवढीच भेट, वीस मिनिटं, तीही ते टायरला हातोडी मारून हवा बघत बघत बोलायचे. पैसे मिळाले, नाही म्हणत नाही, आमची शिक्षणं त्यावरच झाली. पण गाडी थांबवायला नको म्हणून पाणी कमी प्यायचे, लघवी धरून ठेवायचे, पुढं दोनदा मुतखडा झाला. कंबर तर कायमचीच गेली. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तास लिहिले होते, लांबच्या रूटला फार तर १०, पण पप्पांना हे मी सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला.

तुम्हाला जाऊ नका म्हणत नाही. पण आईंना आधी सांगा. मित्राचं लग्न किती वेळा लावणार? आणि रस्त्यात काही झालं तर पहिला फोन घरीच येतो, तेव्हा त्यांना निदान माहीत तरी असू दे की मुलगा कुठल्या रस्त्यावर आहे.

प्रतिसाद ३

बाळा, माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, त्याआधी अठरा वर्षं चालवली, त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात.

ओरिजिनल लायसन कुणालाही द्यायचं नाही. ड्रायव्हर पळून जाईल या भीतीनं मालक मागतात, मलाही पूर्वी मागितलं होतं आणि मी येड्यासारखं दिलं, मग नोकरी सोडताना तीन महिने मागं फिरवलं. झेरॉक्स दे. पोलिसांना दाखवायला डिजिलॉकरमधलं चालतं, पण म्हणून ओरिजिनल दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचं का? आणि टायर फाटला तर पगारातून कापणार असं ज्या स्टॅम्पवर आहे त्याच्यावर सही करू नको. घासलेला टायर घालून गाडी पाठवायची आणि फुटला की पोराच्या नावावर, हा धंदा जुना आहे. माल कमी आल्याचं मात्र तुझ्यावर येऊ शकतं, म्हणून भरल्यावर काट्यावर वजन करून पावती स्वतःजवळ ठेवायची, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) नग किती लिहिलेत ते मोजायचं, सील असेल तर नंबरासकट फोटो काढायचा. ई-वे बिलाची (माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत बघायची, २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशोब असतो, गाडी कुठं बिघडून पडली की मुदत संपते आणि दंडाची पावती फाटते, मग मालक आणि पार्टी दोघं तुझ्याकडं बघतात. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) कोण देणार हे निघायच्या आधी ठरव, उतरवताना हमालांशी भांडण काढून काही मिळत नाही.

आता गाडीचं. सकाळी सुरू केल्यावर हवेचा काटा वर येईपर्यंत जागची हलवायची नाही, ब्रेक हवेवर आहेत. नवीन बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाड्यांना धूर साफ करायला युरियाचं द्रावण लागतं, ते संपलं की गाडीची ताकद जाते, चढावर बैलगाडी होते. आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारायचं नाही, हे कुणी उस्ताद (शिकवणारा ड्रायव्हर) शिकवायला लागला तर त्याच्या गाडीतून उतर. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि मग पाय कितीही दाबला तरी लागत नाही. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती गाड्या अशा गेल्या ते पेपरात वाचलंच असशील. ज्या गिअरला घाट चढशील त्याच गिअरला उतर, मागचे हॉर्न मारू देत.

सहा महिने क्लीनर जास्त नाहीत. फक्त मालक कुठला यापेक्षा उस्ताद कोण ते बघ. तो हैदराबादवाला काका गाठ सोडून गप्प परत बांधतो ना, त्याच्याच मालकाकडं विचार जागा आहे का.

आणि ती गाठ सोपी आहे. रस्सा वरून खाली आला की मध्येच एक लूप करून पिळायचा, टोक खालच्या हुकातून घ्यायचं, ते लूपमधून काढायचं आणि अंगाचा भार टाकून खाली ओढायचं, कप्पीसारखं काम करतं. मग टोक अडकवायचं. सोडताना एका झटक्यात सुटते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, ताई तुमचे विशेष. आईला काल सांगितलं. आधी दोन तास बोलली नाही, मग विचारलं की जेवायचं काय करतात तिकडं. एवढंच.

स्टॅम्पवाल्या मालकाला झेरॉक्स देतो म्हटलं तर म्हणाला मग बघतो, म्हणजे नाहीच. काकांना फोन केला होता, त्यांचा आत्ताचा क्लीनर दिवाळीनंतर गाडी शिकून दुसऱ्या गाडीवर जाणार आहे, तोवर पिकअप आहेच, आणि लर्निंगचा फॉर्म भरलाय.

गोठ्याच्या खुंट्याला रस्सा बांधून सकाळपासून ती गाठ मारतोय. ओढली की घट्ट बसतेय, पण सोडताना झटक्यात सुटत नाही, लूपच आवळला जातोय. दादा, पीळ एकच द्यायचा का दोन? आणि टोक अडकवताना सरळ न ओवता दुमडून घालायचं असतं का?