आधी मोजा, मग पार्ट घ्या

गेम खेळायच्या जुन्या कॉम्प्युटरचं पंचवीस हजारांत मदरबोर्डसकट (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) सगळं बदलावं का, असं विचारलंत. माझ्या मते मुळीच नको. रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड आहे ना? मग बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर नवा रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसतो, तो पुढच्या वर्षी घ्या.

आज गेम चालू ठेवून जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डच्या चिपचा, वापर किती टक्के आहे ते बघा. सतत ९५-९९ टक्के असेल तर अडथळा तुमच्या जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डचाच, त्याची ४ जीबी व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) आता अपुरी पडते. वापर साठ-सत्तरवर आणि गेम अडखळतोय, तर आधी रॅम. तुमची ८ जीबीची एकच स्टिक आहे, तशीच दुसरी लावा, ड्युअल चॅनल मिळेल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करून वेग वाढेल. उरलेल्या पैशांत १६५०च्या जागी आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड बघा, सेकंडहँड चालेल, पण समोर गेम चालवूनच घ्या.

एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) मात्र कंजुषी नको. इथे गोव्यात, म्हापशात पावसाळ्यात लाईट ये-जा करते, त्यात माझा स्वस्तातला एसएमपीएस जळला आणि सोबत हार्डडिस्कही गेली. आणि हो, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. नवीन काही घेण्याआधी स्टिक काढून खोडरबराने हलके पुसून बघा.